बिनपिसाऱ्याचा मोर

"बीडला कुठलं आलंय जंगल?" लेकरांना घेऊन रानात जाऊया म्हटलं की पहिला प्रश्न हाच येतो, आणि विचारणारे बहुतेक बीडचेच असतात. दुष्काळ आणि ऊसतोड या दोन गोष्टींत आपल्या जिल्ह्याची ओळख अशी अडकून पडली आहे की बालाघाटाचे डोंगर आपल्या उशाशी आहेत, हे आपल्यालाच आठवत नाही. गेली काही वर्षं मी आमच्या गल्लीतली, नात्यातली, ओळखीपाळखीतली लेकरं आणि त्यांचे आईबाप, आजीआजोबा यांना घेऊन या डोंगरांत जाते. प्रत्येक फेरीला एक विषय असतो: कधी बिया, कधी पाऊलखुणा, कधी पाणी, कधी मोर. त्या विषयाला धरून मुलांच्या हाताला काहीतरी काम द्यायचं आणि रमतगमत दोन-अडीच किलोमीटर चालायचं, एवढंच. त्यातून जे उमगत गेलं ते लिहून ठेवते आहे.

१. काटेरी रान हे पुरतं जंगल असतं, हे मला मुलांमुळे पटलं. मोठ्यांच्या डोक्यात ताडोबा असतं, नाहीतर कोकण. उंच झाडं नाहीत, गर्द सावली नाही, मग हे कसलं जंगल, असा आपला हिशेब. आठ वर्षांच्या पोराला खैराचं झाडही उंचच असतं. मांजरसुंब्याहून पाटोद्याकडे जाताना नायगाव मयूर अभयारण्य लागतं, १९९४ साली जाहीर झालेलं, सुमारे ३० चौरस किलोमीटरचं. हिवर, खैर, बोर, बाभूळ, मधूनच धावडा आणि सालई, आणि जिकडेतिकडे सीताफळ. आपल्याकडे वर्षाला पाऊस सरासरी साडेसहाशे मिलिमीटरच्या आसपास, तोही लहरी. खाली काळा कातळ, वर वीतभर माती. एवढ्यावर तग धरायचा तर पान बारीक ठेवावं लागतं, उन्हाळ्यात ते टाकून द्यावं लागतं आणि अंगावर काटा बाळगावा लागतो. हे सगळं मी आधी बोलून दाखवत असे. आता फक्त सांगते, "सगळ्यात बारीक पान कुणाला सापडतंय बघा. तोडायचं नाही, बोटाने दाखवायचं." मग पोरं बाभळीपाशी, हिवरापाशी नाक लावून उभी राहतात. एका आईने विचारलं, "इतकी बारीक पानं घेऊन झाडाला काय मिळत असेल?" तिच्याच मुलीने उत्तर दिलं, "पाणी कमी लागत असेल." दुष्काळात वाढलेल्या लेकराला हे शिकवावं लागत नाही.

२. मुलांना मोर दिसला आणि ओळखू आला नाही, हा माझ्यासाठी फार मोलाचा प्रसंग होता. आमची मोराची फेरी दसऱ्याच्या आधी असते. तोवर पावसाळा सरत आलेला असतो आणि नराचा पिसारा गळून गेलेला असतो. वनखात्याच्या कार्यालयात आधी सांगून, त्यांचा माणूस सोबत घेऊन आम्ही आत जातो. सकाळी लवकर वाटेच्या पलीकडून एक पक्षी तुरुतुरु गेला आणि पोरं म्हणाली, "लांडोर, लांडोर!" सोबतचा वनरक्षक म्हणाला, "मानेकडं बघा." मान गडद निळी होती. मागे मात्र आखूड, उघडंबोडकं शेपूट. मुलं गप्पच झाली. कॅलेंडरवरचा, पाठ्यपुस्तकातला, १९६३ पासून राष्ट्रीय पक्षी म्हणून मिरवणारा मोर असा असू शकतो, हे त्यांना पचेना. मग प्रश्नांची सरबत्ती सुरू झाली. पिसं गळताना दुखतं का? परत येतात का? दर वर्षी येतात का? पुढच्या पावसाळ्याआधी पिसारा पुन्हा पूर्ण भरतो, दर वर्षी झडतो आणि दर वर्षी फुटतो, हे ऐकल्यावर एकाने विचारलं, "मग तो एवढी मेहनत का करतो?" पिसारा फुलवलेला मोर दिसला असता तर सगळ्यांनी वा वा केली असती, फोटो काढले असते आणि पुढे गेलो असतो.

त्या दिवशी एका मुलाने आजोळच्या शेतात सापडलेलं मोरपीस घरून आणलं होतं. अभयारण्यातून आम्ही काडीही उचलत नाही, म्हणून हे बरं झालं. ते हातोहात फिरवलं. कलतं केलं की हिरव्याचं तांबूस, तांबसाचं जांभळं. मग ते डोळ्यासमोर धरून, पलीकडून ऊन येऊ देऊन पाहायला सांगितलं. सगळा रंग गेला, उरलं नुसतं तपकिरी पीस. मोरपिसात निळा-हिरवा रंग भरलेला नसतोच. त्याच्या तंतूंची अतिसूक्ष्म रचना उजेड अशी परतवते की आपल्याला तो रंग दिसतो. एक छोटी मुलगी किती तरी वेळ पीस एकदा उन्हाच्या अल्याड, एकदा पल्याड धरत बसली होती. शेवटी तिच्या वडिलांनी तिच्या हातून ते घेतलं, आणि मग तेही तेच करत बसले.

आणखी एक. शेतकऱ्याच्या घरातला एक मुलगा सगळ्यांत उठून म्हणाला, "आमच्या भुईमुगाची पार वाट लावतात मोर." मला ते आवडलं. मोर सुंदर आहे आणि तो उकरून खातो, या दोन्ही गोष्टी एकाच सकाळी बोलल्या गेल्या पाहिजेत. पोरांनी त्यावर बराच वाद घातला. तोडगा निघाला नाही. मोठ्यांच्या बैठकींतही तो निघालेला नाही.

३. ज्याला आपण आयुष्यभर कटकट समजतो, ते पाहण्यासारखं असू शकतं. बियांच्या फेरीला प्रत्येकाने घरून जुने मोजे आणायचे आणि ते बुटांवरून चढवायचे. आईबापांनीही, आजोबांनीही. दिवाळीच्या सुमाराला माळावरचं कुसळी गवत पिकून वाळलेलं असतं. त्यातून पाव किलोमीटर चालून यायचं आणि एका सावलीत बसून मोज्यांना काय काय चिकटलंय ते वेगळं करायचं. कुसळं, सराटे, आघाडा. कोण हुकाने धरतं, कोण टोचून, कोण नुसतं केसाळपणाने. मुलं वर्तमानपत्रावर त्यांचे ढीग लावतात.

मग खरी गंमत. एक कुसळ घ्यायचं आणि नीट बघायचं. टोकाला सुईसारखं बी, त्यावर उलट्या दिशेचे बारीक केस, म्हणजे आत शिरलेलं सहजी बाहेर येत नाही. बीच्या मागे काळपट, लांब शेपूट, सुंभासारखा पीळ पडलेलं आणि मध्येच काटकोनात मोडलेलं. ते तळहातावर ठेवायचं आणि बोटाने पाण्याचा एक थेंब सोडायचा. क्षणभर काही होत नाही. मुलं म्हणतात, "मेलंय ते." आणि मग शेपटाचं मोडलेलं टोक हळूच सरकतं, थांबतं, पुन्हा सरकतं, आणि घड्याळाच्या काट्यासारखं गोल फिरायला लागतं. पीळ पाण्याने सुटतो, वाळला की परत बसतो. रात्री दव पडतं, दिवसा ऊन तापतं, आणि जमिनीवर पडलेलं कुसळ असं उलटसुलट फिरत स्वतःला मातीत गाडून घेतं. ना हात, ना नांगर. हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा माझ्या अंगावर शहारा आला होता, आणि अजूनही दर वेळी तितकंच नवल वाटतं. एका आजोबांनी हयातभर धोतराची कुसळं काढली होती. त्यांनी नातवाच्या तळहातावर फिरणारं कुसळ पाहिलं आणि "आणखी एक टाक रे पाणी" म्हणत तिथेच मांडी घातली.

मोजे घरी नेऊन कुंडीत उथळ पुरायचे आणि पाणी घालत राहायचं, हा गृहपाठ. कुणाच्या कुंडीत काय उगवलं याचे निरोप मला नंतर कित्येक महिने येत राहतात.

४. रानाचा जाणकार बहुतेक वेळा घोळक्यात सगळ्यांत मागे असतो. एकदा आमच्या घोळक्यात गावाकडून आलेला एक मुलगा होता. सुटीत शेरडं राखणारा. शहरी पोरांच्या कॅपा आणि पाण्याच्या रंगीत बाटल्या बघून तो गप्पगप्प होता. मी विचारत होते, "या डोंगरावर सीताफळंच सीताफळं का बरं असतील?" उत्तरं आली: पाऊस, माती, पक्षी. तो पुटपुटला, "शेरडं त्येला तोंड लावीत न्हाईत." मोठ्याने सांग म्हटलं, तर म्हणाला, "कडू असतंय पान. बोरीला खात्यात, हिवराच्या शेंगा खात्यात. ह्याला न्हाई." आणि मग त्याने अख्खा डोंगर वाचून दाखवला: हे खातात, हे कोवळं असताना खातात, हे उपाशी असली तरच. चराईने बोडक्या झालेल्या उतारावर सीताफळ का टिकलं, याचं याहून सरळ उत्तर मी देऊ शकले नसते. बीडच्या सीताफळाला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं. त्यात या कडू पानाचाही वाटा आहे असं मला तेव्हापासून वाटतं. मारुती चितमपल्लींनी वनखात्याच्या नोकरीत रानात राहणाऱ्या माणसांकडून पाखरांची, झाडांची नावं आणि शब्द गोळा केले. त्यांची पुस्तकं वाचताना आपण त्यांच्या विद्वत्तेपुढे नमतो. त्या पोरापुढे उभी असताना मला कळलं की ते कुणाकुणापुढे बसले असतील.

त्यानंतर वाटेच्या दर वळणावर मी पुढचं-मागचं उलटं करते. जो शेवटी असेल तो पुढे.

५. डोळे झाकले की झाडं वेगळी होतात. हा खेळ माझा नव्हे. अमेरिकेतल्या जोसेफ कॉर्नेल यांच्या १९७९ सालच्या, मुलांसोबत निसर्गात रमण्यावरच्या पुस्तकातला. जोड्या करायच्या. एकाच्या डोळ्यांवर रुमाल बांधायचा, दुसऱ्याने त्याला फिरवून फिरवून एका झाडापाशी न्यायचं. त्याने खोड चाचपायचं, कवेत घ्यायचं, हुंगायचं. मग परत आणून रुमाल सोडायचा आणि म्हणायचं, शोध तुझं झाड. आमच्या काटेरी रानात हे जपूनच करावं लागतं, म्हणून यासाठी आम्ही बीडजवळ पालवणला जातो. तिथल्या उघड्या डोंगरावर अभिनेते सयाजी शिंदे आणि त्यांच्या सोबत्यांनी सह्याद्री देवराई उभी केली. १३ आणि १४ फेब्रुवारी २०२० ला तिथे वृक्षसंमेलन भरलं आणि अध्यक्षस्थानी होता वड. मुलांना ही गोष्ट भयंकर आवडते. अध्यक्षांनी भाषण काय केलं, असं एकाने विचारलं तेव्हा दुसरा म्हणाला, "सावली दिली की." त्याच देवराईने नंतर आगीची झळही सोसली. हिवाळ्यात वाळल्या गवताला ठिणगी लागली तर काय होतं, हे तिथे उभं राहून सांगितलं की मुलं घरी जाऊन बापाच्या खिशातली काडेपेटी काढायला लावतात.

त्या खेळात एकदा आजी आणि नात अशी जोडी होती. आजीचे डोळे बांधलेले. तिने खोडाला हात लावला आणि रुमाल न सोडताच म्हणाली, "लिंब हाय." आमच्याकडे कडुनिंबाला लिंबच म्हणतात. नातीने तीन झाडं फिरवली, आजीने तिन्ही ओळखली. नंतर नात दुसऱ्यांना सांगत होती, "माझ्या आजीच्या हाताला दिसतं."

६. किलोमीटर मोजू नयेत. चार वर्षांचं मूल एका वारुळापाशी अर्धा तास थांबतं. तेवढा वेळ द्यायचा, नाहीतर आणायचं नाही.

७. आजीआजोबांना "तुम्ही सावलीत बसा" असं म्हणणं मी कधीच बंद केलं. पाण्याच्या फेरीत आम्ही ओढ्याच्या कडेकडेने वर जातो. मांजरा नदी याच पाटोदा तालुक्यात उगम पावते, बिंदुसराही याच डोंगरातली. पाणी कुठून येतं, कुठे अडतं, कुठे मुरतं, हे मुलांनी काडीने मातीवर काढायचं. एका पाझर तलावाच्या भरावावर आम्ही डबे सोडून बसलो होतो. धपाटे, दही, शेंगदाण्याची चटणी. सोबतच्या एक सत्तरी ओलांडलेल्या बाई भरावाच्या दगडांवर हात फिरवत म्हणाल्या, "बहात्तरच्या दुष्काळात असल्याच कामाला होते मी. पोटाशी ह्याचा बाप." ह्याचा म्हणजे शेजारी दही चाटणाऱ्या नातवाचा. डोक्यावर किती पाट्या वाहिल्या, दिवसाला काय मिळायचं, सुकडी कशी लागायची, हे त्या सांगत राहिल्या. पोरांनी जेवणं थांबवली. एका मुलाने पहिला प्रश्न विचारला, "आजी, तेव्हा इथं झाडं होती?" त्या म्हणाल्या, "झाडं कुठली बाबा. जे हुतं ते चुलीत गेलं." नंतर त्याने मातीवरच्या आपल्या नकाशात भरावाच्या जागी डोक्यावर पाटी घेतलेली एक बाई काढली. नदी आणि डोंगरापेक्षा ती मोठी होती.

८. कान उघडायला हातात पेन्सिल लागते. मुलांना "शांत बसा" म्हटलं की चुळबुळ वाढते. कागदाच्या मधोमध फुली मारा, ती तुम्ही, आणि ज्या दिशेने जो आवाज येईल तिथे खूण करा, असं सांगितलं की वीस-पंचवीस पोरं आपोआप चिडीचूप होतात. सातभाईंचा कलकलाट, होल्याचं घुमणं, लांबून मोराची केका, महामार्गावरचा ट्रक. ट्रकही लिहायचा. तोही त्या रानात ऐकू येतोच, आणि मोरालाही येत असणार.

९. काही गोष्टी प्रेमाने नव्हे, धाकानेच सांगायच्या. सौताड्याला दरीच्या कडेवर आणि धबधब्याखाली आम्ही मुलांना नेत नाही. पावसाळ्यात तिथल्या विंचरणा नदीचं पाणी आणि शेवाळलेला दगड कुणाचं ऐकत नाहीत. सीताफळाच्या बिया गिळल्या तर गेल्या, पण ठेचायच्या नाहीत. त्यांची पूड विषारी, डोळ्यात गेली तर डोळ्याला इजा. दगड उलटवायचा नाही, त्याखाली विंचू असतो. पायात बूट हवेतच. हे नियम मी चालण्याच्या आधी एकदा म्हणते आणि मुलांकडून एकेक करून म्हणवून घेते. मोठ्यांकडूनही, कारण धबधब्यापाशी सेल्फीला जाणारे तेच असतात.

१०. माझं वेळापत्रक रानापेक्षा कोयत्याने ठरवलं. दसरा सरला की बीडमधून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात, पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात. काही लेकरं आईबापांबरोबर जातात, काही हंगामी वसतिगृहात नाहीतर आजीपाशी राहतात. कुसळं पिकतात दिवाळीला, म्हणजे बियांच्या फेरीला निम्मी मुलं नसतातच. म्हणून मोराची फेरी आम्ही दसऱ्याआधी आणली, सगळ्यांना येता यावं म्हणून. आणि चैत्रात टोळ्या परतल्या की पहाटेची एक फेरी ठेवली, ऊन चढायच्या आत परत येण्याची.

त्या चैत्रातल्या फेरीचा विषय पाऊलखुणा होता. पाणवठ्याच्या ओल्या मातीत मुंगूस, ससा, लांडोर यांच्या खुणा शोधत होतो. मोठी खूण दिसली की शहरातली पोरं ओरडायची, "बिबट्या!" उसाच्या फडावरून आलेली दहा-अकरा वर्षांची एक मुलगी प्रत्येक वेळी खाली वाकून बघायची आणि मान हलवायची. "कुत्रं हाय. नखं उमटल्यात." बिबट्याची नखं आत असतात, चालताना उमटत नाहीत. तिला हे कुणी शिकवलं, म्हणून विचारलं. ती सांगायला लागली. त्यांची टोळी तोडत असलेल्या फडात बिबट्याची पिल्लं निघाली होती. मुकादमाने कोयते थांबवले. वनखात्याची माणसं आली, त्यांनी पिल्लं तपासली, संध्याकाळी त्याच जागी पेटीत ठेवली आणि सगळ्यांना लांब जायला सांगितलं. रात्री मादी आली आणि एकेक पिल्लू तोंडात धरून घेऊन गेली. सकाळी ही मुलगी मातीतल्या खुणा बघायला गेली होती, आई ओरडत असताना. "येवढा पंजा," तिने हात पसरून दाखवला, "आन् गोल."

आमच्या घोळक्यातल्या एकानेही बिबट्या पाहिलेला नव्हता. मीही नाही. ती काठीने मातीत पंजा काढत होती, आधी कुत्र्याचा, मग बिबट्याचा, दोन्ही शेजारी शेजारी, आणि बाकीची पोरं ते आपापल्या वह्यांत उतरवून घेत होती. येत्या चैत्रातली पाऊलखुणांची फेरी मी तिच्याकडे सोपवली आहे. तिने आईला विचारलं आहे, आणि आईने एकच अट घातली आहे, धाकट्या भावालाही सोबत न्यायचं.